शिशाचं दार

"हे काय आहे, भामरेबाई? छाती आहे की धुकं?"

डॉक्टर देवरे फिल्म खिडकीच्या उजेडात धरून माझ्याकडे न बघताच विचारत होते. फिल्ममध्ये एका म्हाताऱ्याच्या बरगड्या होत्या, पण राखेत पुरून ठेवल्यासारख्या. जिथं पांढरं दिसायला हवं तिथंही करडं होतं.

"परत काढते, सर."

"परवाही परत काढलात. त्या माणसाला किती वेळा शर्ट काढायला लावणार? मला क्षयाचा डाग शोधायचाय आणि इथं अख्खी फिल्मच डाग झालीय."

त्यांनी फिल्म टेबलावर टाकली आणि ते वॉर्डात निघून गेले. मी बाहेर आले तर म्हातारा बाकावर बसून बटणं लावत होता. मला बघितल्याबरोबर काही न विचारता तो ती पुन्हा सोडायला लागला.

ही शहाऐंशी सालातली गोष्ट. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावात ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल होतं. देवरे तिथले एकुलते एक सर्जन. मोडलेल्या हातापासून अडलेल्या बाळंतपणापर्यंत सगळं तेच बघायचे. मी पुण्याला एक्स-रेचा डिप्लोमा करून आलेली, पहिलीच नोकरी. दिवाळीपर्यंत माझ्या फिल्म छान येत होत्या. डॉक्टर एकदा म्हणालेही होते की तुमच्या फिल्मवर चष्म्याशिवाय वाचता येतं. आणि मग डिसेंबरपासून हे धुकं सुरू झालं.

मी काय काय केलं नाही! फिल्म धुवायचा डेव्हलपर नवा केला. पाणी उकळून गार करून घेतलं. डार्करूमचा लाल दिवा बदलला. दार लावून, घामाघूम होत, कुठून उजेडाचं टाचणीएवढं छिद्र दिसतंय का ते बघत बसले आणि दिसली ती प्रत्येक फट काळ्या कागदाने बुजवली. जळगावहून कंपनीचा माणूस आला, त्याने चहा घेतला आणि "बाई, हात स्वच्छ ठेवत जा" असं सांगून गेला. ट्रस्टचे अध्यक्ष गुलाबराव अण्णा वाणी रोज सकाळी हॉस्पिटलात चक्कर मारायचे. ते वाया गेलेल्या फिल्मांचा गठ्ठा हातात घेऊन म्हणाले, "आधीचा तो माणूस दारू प्यायचा, पण त्याच्या फिल्म अशा नव्हत्या."

मी त्यांच्या हातातून गठ्ठा घेतला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मग एक दिवस जळगावहून फिल्मचा नवा खोका आला आणि मी तो आल्या आल्या फोडून वापरला. फिल्म काचेसारखी स्वच्छ आली. मला रडू यायचंच बाकी होतं. वाटलं, जुना माल खराब होता, संपलं. पण आठवड्याभराने त्याच खोक्यातल्या फिल्म पुन्हा करड्या यायला लागल्या. म्हणजे दोष मालाचा नव्हता, माझाही नव्हता. खोका जिथं ठेवत होतो, त्या जागेचा होता.

फिल्मचं कपाट पूर्वी डार्करूममध्ये होतं. तिथं ओल येते म्हणून दिवाळीच्या साफसफाईत अण्णांनी ते नोंदणीच्या खोलीत हलवलं होतं. मी त्या खोलीत जाऊन उभी राहिले. भिंतीला टेकून कपाट. त्याच्या शेजारी एक्स-रेच्या खोलीत उघडणारं दार. आणि दाराकडे पाठ करून, टेबलावर वाकून, केसपेपरांवर शिक्के मारत बसलेली कोकिळा.

कोकिळा सोनवणे नोंदणीचं काम बघायची. माझ्याच वयाची, बारीक अंगाची, बोलताना सारखी पदर सावरणारी. चार वर्षं ती त्याच खुर्चीत बसत होती. नुकतेच तिला दिवस गेले होते. तिसरा महिना. तिने ते फक्त मला सांगितलं होतं, कारण आधी दोन वेळा गर्भ पडला होता आणि यावेळी तिला कुणाची नजर नको होती.

मी त्या दाराकडे बघत राहिले. दारावर पितळी पाटी होती: 'या दरवाजास व भिंतीस शिशाचे अस्तर कै. द्वारकाबाई वाणी यांच्या स्मरणार्थ.' एक्स-रेचे किरण लाकडातून, पातळ विटांतून आरपार जातात आणि पलीकडे कोरी फिल्म ठेवलेली असेल तर तीही करडी पडते. शिशासारखा जड धातू मात्र त्यांना गिळून टाकतो. म्हणून एक्स-रेच्या खोलीच्या दाराला आतून शिशाचा पत्रा ठोकलेला असतो. पुण्याला आमच्या कॉलेजातलं असं दार उघडायला खांदा लावावा लागायचा. आणि हे दार? दोन्ही हातांत कॅसेट, म्हणजे फिल्म भरायच्या चपट्या पेट्या, असल्या की हे मी रोज कोपराने ढकलत होते.

"कोकिळा," मी म्हटलं, "तुझ्या कपाटाची किल्ली दे जरा. आणि तू जाऊन चहा घेऊन ये."

"आत्ता? रांग लागलीय ताई."

"रांगेलाही घेऊन जा."

सगळी खोली रिकामी करून मी दाराच्या बाहेरच्या अंगाला एक भरलेली कॅसेट चिकटवली. दार आणि कॅसेट यांच्यामध्ये कोकिळेची किल्ली ठेवली. आत येऊन मशीनचं तोंड दाराकडे वळवलं, कंपनीच्या शिशाच्या पडद्यामागे उभी राहिले आणि बटण दाबलं. दारात खरंच शिसं असतं, तर फिल्म कोरीच्या कोरी निघायला हवी होती.

डार्करूममध्ये लाल उजेडात फिल्म हलवत होते. आधी कडा काळवंडल्या. मग मधोमध किल्ली वर आली, दातांसकट. मग बिजागऱ्या. मग वरपासून खालपर्यंत खिळ्यांच्या दोन ओळी, एकेक खिळा मोजता येईल असा. त्या वर्षातली माझी सगळ्यात सुंदर फिल्म ती होती.

ती ओलीच घेऊन मी अण्णांकडे गेले. ते ऑफिसात कापसाच्या भावांवर कुणाशी तरी फोनवर बोलत होते. फोन ठेवून त्यांनी फिल्म उलटीसुलटी केली.

"किल्लीचा फोटो काढलात?"

"अण्णा, किल्ली दाराच्या पलीकडे होती."

"मग?"

"मग ती दिसायलाच नको होती. दारात शिसं नाहीये. कोकिळा चार वर्षं मशीनच्या तोंडासमोर बसलीय. बाहेरच्या बाकावर बायका बसतात, त्यातल्या अर्ध्या गरोदर असतात."

अण्णांचा चेहरा बदलला. राग येण्याआधी माणूस दुखावतो, तसा आधी दुखावला. "द्वारकाबाई माझी आई," ते म्हणाले. "तो पत्रा मी स्वतः मुंबईहून आणलाय. ट्रकमध्ये पुढे बसून आलो होतो. गुंडाळ्या बघितल्या असत्या ना तुम्ही, एवढ्याशा दिसायच्या आणि उतरवायला एकेकीला चार माणसं लागली. आणि तुम्ही मला सांगता शिसं नाही?"

"तुम्ही आणलं नाही असं मी म्हणतच नाही. दारात नाही, एवढंच म्हणतेय. सुताराला बोलवा, एक फळी काढून बघू."

"आईच्या नावाची पाटी असलेलं दार फोडू? तुमच्या फिल्म खराब येतात म्हणून?" त्यांनी फिल्म माझ्याकडे सरकवली. "बाई, आधी काम शिका. मग दारं फोडा."

मी कोकिळेला सांगितलं. वाटलं होतं, ती तरी घाबरून उठेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, ही जागा सोडली तर मला धुलाईत टाकतील. भिजल्या चादरी उचलायच्या. या दिवसांत ते जमेल का मला?"

"मी सांगते ना अण्णांना."

"तुमचं ऐकलं का त्यांनी?"

शेवटी असं ठरलं की बटण दाबायच्या आधी मी घंटी वाजवायची आणि तिने लोकांना घेऊन बाहेर जायचं. दोन दिवस ते चाललं. तिसऱ्या दिवशी बाजार होता, खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी घंटी वाजवली, थांबले, पुन्हा वाजवली. दार ढकलून बघितलं तर कोकिळा तशीच बसलेली. एक म्हातारी तिच्याशी केसपेपरवरून भांडत होती आणि बाकावरच्या बायका घंटी कसली म्हणून माझ्याकडेच बघत होत्या. मी मशीन बंद केलं, किल्लीची ती फिल्म घेतली आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले.

त्यांना इतके दिवस सांगितलं नव्हतं. धुक्यावरून रोज बोलणी खात होते, त्यात हे सांगितलं तर सबब वाटेल असं मला वाटायचं.

त्यांनी फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली. दिवा लावला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं आता विचारतील, हे काय आहे. त्यांनी विचारलं नाही.

"खिळे छान आलेत," ते म्हणाले.

"सर, त्या दारात..."

"चला वर."

भर दुपारची वेळ. गच्ची तव्यासारखी तापली होती. ऑपरेशन थिएटरच्या बरोबर वर जाऊन डॉक्टर उकिडवे बसले आणि डांबराचा एक पोपडा त्यांनी बोटांनी उचलून काढला. खाली राखाडी काहीतरी होतं. त्यांनी त्यावर अंगठ्याचं नख ओढलं. चांदीसारखी चकचकीत रेघ उमटली.

"हे बघा तुमचं शिसं."

मी वाकून हात लावला. तापलेला, मऊ, बोटाने दाबला तर दबेल असं वाटणारा पत्रा. स्लॅबच्या प्रत्येक उंचसखल भागावर तो कापडासारखा बसवला होता.

"ज्या वर्षी इमारत झाली त्याच पावसाळ्यात थिएटर गळायला लागलं," डॉक्टर म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टर पळाला होता. एका बाईचं पोट उघडलेलं आणि वरून हत्यारांच्या ट्रेमध्ये थेंब पडतायत. ती बाई आठव्या दिवशी गेली. जंतू कुठून आले ते मला वेगळं शोधावं लागलं नाही. शिशाच्या गुंडाळ्या एक्स-रेच्या खोलीत पडून होत्या. शिसं गंजत नाही, सांध्यात घुसतं, जिथं वाकवाल तिथं वाकतं. पाणी अडवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. अण्णा तेव्हा यात्रेला गेले होते. मी गवंडी बोलावला आणि पत्रा वर चढवला. दाराला नुसत्या फळ्या ठोकल्या. त्यानंतर एक थेंब आला नाही."

"आणि दाराचं?"

"म्हटलं, पुढच्या वर्षी आणू. मग दर वर्षी पुढच्या वर्षी. मागणार कुणाकडे? अण्णांकडे? त्यांच्या आईची पाटी लावून झाली होती."

मला इतका राग आला की बोलताना आवाज फाटला. "सर, तुम्ही तीन महिने माझ्या फिल्मा भिरकावत होतात. तुम्हाला माहीत होतं!"

"फिल्मांचं नव्हतं माहीत. कपाट हलवलंय हे मला कुणी सांगितलं?" ते उठले. "दाराचं माहीत होतं."

"कोकिळा गरोदर आहे. तिसरा महिना."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तो हातातच धरून ते खालच्या रस्त्याकडे बघत राहिले.

"आधीच्या दोन्ही वेळा मीच होतो," शेवटी ते म्हणाले. "दोन्ही वेळा तिने मला विचारलं, कशामुळे झालं असेल. मी म्हटलं, होतं असं, कारण सांगता येत नाही. ते खरंच होतं, भामरेबाई. दहा बायकांत दोघीतिघींचं होतं, विनाकारण. पण मी ते सांगताना तिच्याकडे बघितलं नाही."

खालून कुणीतरी डॉक्टरांना हाका मारत होतं. ते हलले नाहीत.

"तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "शिसं खाली आणू? जूनमध्ये पाऊस आहे."

"मी का सांगू?"

"कारण मला सात वर्षं सांगता आलं नाही."

"आणा खाली," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांना गच्चीवर नेलं. वर काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. अण्णा खाली आले ते सरळ गाडीत बसले. महिनाभर त्यांनी हॉस्पिटलात पाऊल टाकलं नाही. थिएटरवर नवे पत्रे घालायला ट्रस्टने पैसे द्यावेत म्हणून डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा उत्तर आलं की ज्याने एक पत्रा चोरला त्याला दुसरा कशाला. वर डांबरी कागद अंथरण्यापलीकडे काही झालं नाही.

शिसं उतरवताना ते ठिकठिकाणी फाटलं. खिळ्यांची भोकं होती, डांबर चिकटलेलं होतं. अंगणात लाकडी मोगरीने ठोकून ठोकून ते सपाट केलं. जिथं भोकं होती तिथं एकावर एक तुकडा चढवला. पुरलं ते फक्त दाराला आणि भिंतीला छातीच्या उंचीपर्यंत. बिजागऱ्या नव्या लावाव्या लागल्या, दार इतकं जड झालं. मी पुन्हा किल्ली ठेवून फिल्म काढली. यावेळी ती कोरी निघाली. मी कोकिळेला दाखवली.

"यात तर काहीच नाही," ती म्हणाली.

"तेच तर."

ती हसली, पण मला बरं वाटावं म्हणून. आधीच्या दोन वेळांबद्दल तिने मला कधी विचारलं नाही. मीही बोलले नाही. आज एवढ्या वर्षांनीही, त्या दारामुळेच ते झालं की नाही, हे मी कुणाला छातीठोकपणे सांगू शकणार नाही. कुणीच सांगू शकणार नाही. त्याचाच संताप जास्त येतो.

जून, जुलै कसाबसा निघाला. पाऊस आला की डॉक्टर ऑपरेशनं पुढे ढकलायचे, ज्यांचं थांबण्यासारखं नसेल त्यांना धुळ्याला पाठवायचे. गावात बोललं जाऊ लागलं की एक्स-रेवाल्या बाईने थिएटर बंद पाडलं. दुकानात मी गेले की बायका बोलायच्या थांबत. एका माणसाने मला रस्त्यात अडवून सांगितलं की त्याच्या सुनेला टेम्पोत घालून न्यावं लागलं.

ऑगस्टच्या अखेरीस सलग पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी कोकिळेला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला थोडे बाकी होते. दहाच्या सुमारास डॉक्टर लेबर रूममधून बाहेर आले.

"मूल आडवं आहे. धुळ्याची गाडी काढा."

"फरशीपूल पाण्याखाली गेलाय," ड्रायव्हर म्हणाला.

डॉक्टर थिएटरमध्ये गेले, मी त्यांच्या मागे. छतावर ओलीचा मोठा डाग पसरला होता आणि त्याच्या मधून थेंब पडत होते, बरोबर टेबलावर. टेबल सरकवलं तर दिवा पोचत नव्हता. डॉक्टर थोडा वेळ वर बघत उभे राहिले. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही.

"स्वच्छ धुतलेलं प्लास्टिक आणा, मोठं. डेटॉलने पुसून. दोन टोकं खिडकीच्या गजांना बांधा. दोन टोकांना माणसं लागतील."

सिस्टर आणि आया हाताशी हव्या होत्या. एका टोकाला मी उभी राहिले. दुसऱ्यासाठी डॉक्टर बाहेर डोकावले, तर गळतीचं ऐकून आलेले अण्णा पडवीत छत्री मिटत होते.

"अण्णा, आत या. चपला बाहेर."

"मी?"

"उंच आहात."

अण्णांना गाऊन चढवला, तोंडाला मास्क बांधला. मार्चपासून ते माझ्याशी बोलले नव्हते. आता आम्ही समोरासमोर हात वर करून उभे होतो आणि मधे, प्लास्टिकच्या खाली, कोकिळा पडली होती. कमरेत फक्त खालचा भाग बधिर करायचं इंजेक्शन दिल्यामुळे ती जागी होती.

प्लास्टिकच्या पोटात पाणी साठायला लागलं. ते जड झालं की कुणीतरी आपली बाजू खाली करून ते ओघळू द्यायचं, एवढीच युक्ती होती. ते माझ्या बाजूने ओघळायचं, मनगटावरून बाहीत, बाहीतून काखेत.

"ताई," कोकिळा म्हणाली, "तुम्ही भिजताय."

"तू बोलू नकोस."

माझे खांदे भरून आले होते. मला सगळ्यांचा राग येत होता. अण्णांचा, डॉक्टरांचा, पळून गेलेल्या कॉन्ट्रॅक्टरचा, एका बाजूला पुरवलं की दुसऱ्या बाजूला उघडं पाडणाऱ्या त्या शिशाचा. गच्चीवर मी दोन शब्द बोलले होते, त्यांचासुद्धा. पण ते मागे घ्यावेत असं तेव्हाही वाटलं नाही, हे मला नीट आठवतं.

मग खालून आधी एक खरखर आली आणि पाठोपाठ रडणं. मोठं, चिडलेलं.

"ताई, रडतंय ना?"

"रडतंय. चांगलं भांडखोर आहे."

"काय झालं, काय झालं?" अण्णा विचारत होते. मास्कमुळे आणि पावसामुळे त्यांचं कुणाला ऐकू गेलं नाही. सिस्टरने मुलगी उचलून कोकिळेच्या गालाशी नेली, तेव्हा त्यांना दिसली. त्यांचे डोळे एकदम भरून आले आणि हात वर असल्यामुळे त्यांना ते पुसताही येईनात.

डॉक्टर टाके घालत होते. खाली मान घालून, एकेक टाका, जराही घाई न करता.

"डॉक्टर," अण्णा म्हणाले, "दिवाळीच्या आत पत्रे घालतो मी. शब्द देतो."

"घाला. आत्ता हात वर धरा."

अण्णांनी हात वर केले. त्यांच्या बाजूचं सगळं पाणी माझ्या अंगावर आलं.